सरकारी बँकांत बढतीच्या यादीतून बायकांची नावं नेमकी कुठे गळतात?

खतावणी

२०१३ चा डिसेंबर आठवून पाहा. स्टेट बँकेच्या अध्यक्षपदी अरुंधती भट्टाचार्य, बँक ऑफ इंडियात विजयालक्ष्मी अय्यर, अलाहाबाद बँकेत बँक ऑफ महाराष्ट्रातून कारकीर्द सुरू केलेल्या शुभलक्ष्मी पानसे, युनायटेड बँकेत अर्चना भार्गव, नुकत्याच निघालेल्या भारतीय महिला बँकेत उषा अनंतसुब्रमण्यन. खाजगीत आयसीआयसीआयला चंदा कोचर आणि ॲक्सिसला शिखा शर्मा. एकाच वेळी सातजणी. आता हे रुळलं, असं तेव्हा सगळ्यांनी गृहीत धरलं.

रुळलं नाही. पुढे इंडियन बँकेत पद्मजा चुंडुरू आल्या, २०२२ ते २०२५ युनियन बँकेत ए. मणिमेखलै होत्या, पण एकेक. स्टेट बँकेत २०१७ नंतर आलेले तिन्ही अध्यक्ष पुरुष. महिला बँक तर १ एप्रिल २०१७ ला स्टेट बँकेत विलीनच झाली.

यावर चर्चा निघाली की गाडी लगेच ‘मानसिकता’ या शब्दावर जाते आणि तिथेच रुतते. मानसिकता आहेच, पण बँकेत बढती फायलीवर होते. फायलीत रकाने असतात. कुठला रकाना रिकामा राहिल्याने नाव खाली जातं, ते इथे लिहूया. माझं म्हणणं एवढंच, की निकाल स्केल फाइव्ह-सिक्सच्या इंटरव्ह्यूत लागत नाही. तो दहा-पंधरा वर्षं आधी, स्केल टूच्या पोस्टिंगला लागून गेलेला असतो, आणि तो बऱ्याचदा सवलतीच्या रूपाने आलेला असतो.

ज्यांना शिडी माहीत नाही त्यांच्यासाठी: स्केल वन अधिकारी, टू मॅनेजर, थ्री सीनियर मॅनेजर, फोर चीफ मॅनेजर, फाइव्ह एजीएम (असिस्टंट जनरल मॅनेजर), सिक्स डीजीएम (डेप्युटी जनरल मॅनेजर), सेव्हन जीएम (जनरल मॅनेजर). मोठ्या बँकांत त्याच्यावर सीजीएम (चीफ जनरल मॅनेजर). ईडी (कार्यकारी संचालक) आणि एमडी (व्यवस्थापकीय संचालक) यांची निवड बँक करत नाही. ते काम आधी बँक्स बोर्ड ब्युरो करायचा, २०२२ पासून त्याच्या जागी आलेली एफएसआयबी (फायनान्शियल सर्व्हिसेस इन्स्टिट्यूशन्स ब्युरो) करते.

आता साधं गणित. वन ते सेव्हन सहा पायऱ्या. प्रत्येकीला किमान पात्रता तीन वर्षं धरली (बँकेनुसार आणि पायरीनुसार कमीजास्त), तर अठरा वर्षं, तीही एकदाही नापास न होता. चोविसाव्या वर्षी लागलेली पीओ (थेट स्केल वनला लागलेली प्रोबेशनरी अधिकारी) कागदावर बेचाळिसाव्या वर्षी जीएम होऊ शकते. प्रत्यक्षात पन्नाशी उजाडते. मधल्या दोन पायऱ्यांवर तीन-तीन वर्षं गेली की ती छप्पन्नला पोचते, आणि ईडीच्या जाहिरातीत वयाची वरची मर्यादा असते, शिवाय निवृत्तीला किती सेवा उरली पाहिजे याचीही अट असते. तिथे ती अपात्र ठरते, कुणी तिला ‘नको’ म्हटलेलं नसताना. म्हणून सहा वर्षं कुठे जातात हा खरा प्रश्न आहे.

---

सही_शिक्का

चांगला धागा. तीन रकाने सांगतो: ग्रामीण-निमशहरी सेवा, शाखाप्रमुखपद, कर्जाचं काम.

पहिला. बहुतेक सरकारी बँकांच्या बढती धोरणात वरच्या स्केलला जायला अधिकारी म्हणून काही वर्षं ग्रामीण किंवा निमशहरी शाखेत काढलेली लागतात. किती, ते प्रत्येकाने आपल्या बँकेच्या चालू परिपत्रकात पाहावं, कारण मधल्या काळात नियम बदललेत. ही अट पूर्ण नसेल तर लेखी परीक्षेत कितीही मार्क पडोत, नाव पात्रांच्या यादीतच येत नाही.

इथे एक गोष्ट पुष्कळजणींना उशिरा कळते. ग्रामीण आणि निमशहरी हे शब्द रिझर्व्ह बँकेच्या वर्गवारीतले आहेत. जनगणनेतली लोकसंख्या दहा हजारांच्या आत असेल तर ग्रामीण, दहा हजार ते एक लाखाच्या आत निमशहरी, एक ते दहा लाखांच्या आत शहरी, त्यापुढे महानगर. गाव किती आडवळणाला आहे याच्याशी त्याचा संबंध नाही. सासवड निमशहरी. भोर निमशहरी. अलिबाग, पेण निमशहरी. पुण्यात घर असलेल्या बाईने सासवडच्या शाखेत तीन वर्षं काढली तरी रकाना भरतो, आणि रोज घरी जाऊन भरतो. पण हे मागावं लागतं. ‘घराजवळ पाहिजे’ एवढाच अर्ज केला तर कोथरूड किंवा हडपसर मिळतं, सगळे खूश होतात आणि रकाना रिकामा राहतो.

दुसरा, शाखाप्रमुखपद. सेकंड मॅन, म्हणजे शाखेत दोन नंबरचा अधिकारी म्हणून (हो, बाई असली तरी शब्द तोच) आठ वर्षं शाखा चालवली, तरी मार्क ‘शाखाप्रमुख’ या नोंदीला. जिथे पोस्टिंगचा आदेश ‘प्रभारी’ म्हणून निघतो, तिथे तो कालावधी धरला जातो का, हे त्याच आठवड्यात एचआरला लेखी विचारायचं. चार वर्षांनी विचारलं तर उत्तर ‘नाही’ असंच येणार.

तिसरा, कर्ज. ठेवी, लॉकर, केवायसी, खातेउघडणी, ग्राहकसेवा ही कामं बायकांकडे जातात. ‘मॅडम काउंटर छान सांभाळतात’ हे कौतुकाचं वाक्य फार महाग पडतं. डीजीएमच्या मुलाखतीत विचारतात ते खेळत्या भांडवलाचं मूल्यांकन, थकीत खात्याची पुनर्रचना, सरफेसी कायद्याखाली (थकीत कर्जाच्या तारणाचा) ताबा कसा घेतला, कन्सॉर्शियममध्ये (अनेक बँकांनी मिळून दिलेल्या कर्जात) काय भूमिका होती. ज्या हाताने पाच कोटींचा प्रस्ताव कधी लिहिला नाही, त्या हाताला पाचशे कोटींची मंजुरी कोण देणार?

---

मार्चएंड

बदल्या पुरुषांच्याही होतात. दुर्गम शाखा पुरुषांनाही मिळते. यात बाईपणाचा प्रश्न कुठे आला?

---

खतावणी

मार्चएंड, आदेशाचा कागद दोघांना सारखाच असतो, बरोबर. फरक कागद हातात पडल्यानंतर सुरू होतो. पुरुष बदलीच्या गावी खोली घेतो, डबा लावतो आणि शनिवारी घरी येतो. दुसऱ्या-चौथ्या शनिवारची सुट्टी त्याला पुरते, कारण मागे घर चालू असतं. बाईच्या बदलीत तिच्यामागे घर ‘चालू’ ठेवणारं माणूस बहुधा सासू किंवा आई असते. ते नसेल तर मूल बरोबर न्यावं लागतं. म्हणजे शाळेचा प्रवेश, आणि बदलीचे आदेश तर अनेकदा शाळा सुरू झाल्यावर निघतात.

दुसरं, शाखाप्रमुखाचा दिवस पाहा. तिजोरीच्या किल्ल्या दोघांकडे, त्यामुळे सकाळी दोघांपैकी कुणीही उशिरा आलं तर रोकड बाहेर निघत नाही. संध्याकाळी रोकड मोजून आत जाईपर्यंत आणि डे एंड, म्हणजे सिस्टिममध्ये दिवसाचा हिशोब बंद होईपर्यंत निघता येत नाही. त्यानंतर सहा-साडेसहाला आरओची (प्रादेशिक कार्यालयाची) व्हीसी, म्हणजे व्हिडिओवरची बैठक. शेवटची एसटी साडेसहाची असेल तर? हा प्रश्न पुरुषालाही पडतो, पण तो मोटरसायकलवर रात्री नऊला पंचवीस किलोमीटर जातो, आणि त्याच्या घरून कुणी ‘नोकरी सोड’ म्हणत नाही.

यावर तोडगे आहेत आणि ते फुकटचे आहेत. व्हीसी साडेतीन ते पाचमध्ये घेता येते. किल्लीची दुसरी धारक स्थानिक राहणारी असावी, हे पोस्टिंग करताना पाहता येतं. लीजचं घर बाई रुजू व्हायच्या आधी बँकेने शोधून ठेवायचं, कारण लहान गावात एकट्या बाईला घर देताना चार वेळा विचार करतात. बँकेच्या नावाने करार असेल तर दोनच वेळा करतात.

---

अर्धवार्षिक

एपीएआरचं, म्हणजे वार्षिक कामगिरी अहवालाचं मी लिहितो, कारण तिथली गळती दिसत नाही.

बढतीत मागच्या काही वर्षांच्या, बहुधा तीन किंवा पाच, एपीएआरची सरासरी धरतात. वर्ष एप्रिल ते मार्च. बाळंतपणाची रजा एका वेळी सहा महिने, संपूर्ण सेवेत बारा महिने. आता रजा कुठल्या महिन्यात पडते यावर काय होतं ते पाहा.

ऑगस्ट ते जानेवारी रजा असेल तर एकाच वर्षातले सहा महिने जातात, दुसरं वर्ष कोरं सुटतं. जानेवारी ते जून असेल तर दोन्ही वर्षांतले तीन-तीन महिने जातात, आणि दोन्ही वर्षं उणी पडतात. त्यातही जानेवारी-मार्च म्हणजे क्लोजिंगची तिमाही, वर्षभराची वसुली आणि नूतनीकरण याच काळात होतं. तिने एप्रिलपासून डिसेंबरपर्यंत राबून ठेवलेलं पीक तिच्या जागी आलेला माणूस कापतो. यात त्याचाही दोष नाही.

सिस्टिममध्ये उद्दिष्ट मात्र बारा महिन्यांचं. दहा कोटींचं उद्दिष्ट, नऊ महिन्यांत साडेसात कोटी केले, म्हणजे काम शंभर टक्के. सिस्टिम दाखवते पंचाहत्तर.

आकड्यात सांगतो. समजा तीन वर्षांचे गुण ९०, ७०, ९०. सरासरी ८३.३३. रजेचं वर्ष वगळून त्याआधीचं ९० चं वर्ष धरलं असतं तर सरासरी ९०. एपीएआरला एकूण १०० पैकी ४० गुणांचं वजन असेल तर नुकसान २.६७ गुणांचं. वाचायला किरकोळ वाटतं, पण ज्यांनी गुणवत्ता यादी पाहिली आहे त्यांना माहीत आहे की कटऑफला दशांशात मारामारी असते.

उपाय:

रजेवर जाण्याआधी ‘उद्दिष्ट हजर महिन्यांच्या प्रमाणात धरावं’ असा ईमेल रिपोर्टिंग अधिकाऱ्याला करावा आणि त्याची प्रत एचआरला लावावी. तोंडी सांगू नये, कारण रजेवरून येईपर्यंत साहेबांची बदली झालेली असते.

त्याच दिवशी शाखेची स्थिती नोंदवावी. ठेवी, कासा (चालू आणि बचत खात्यांतल्या ठेवी), कर्जं, एनपीए (थकीत कर्जं), मंजूर पण वाटप बाकी असलेले प्रस्ताव. एक पान पुरे.

स्वमूल्यांकन सादर करायची तारीख रजेत पडत असेल तर बाहेरून लॉगिन चालतं का ते आधी विचारावं. कोरं स्वमूल्यांकन हा गुण कापायचा सगळ्यात सोपा मार्ग आहे.

कुठल्याही अधिकाऱ्याच्या हाताखाली तीन महिने भरले नसतील तर त्याने अहवाल लिहू नये, असा साधारण नियम असतो. तो तपासावा.

आणि गुण आले की पाहावे. देव दत्त खटल्यात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की वार्षिक अहवालातली प्रत्येक नोंद, चांगली असो की वाईट, कर्मचाऱ्याला कळवलीच पाहिजे, आणि हे सार्वजनिक उपक्रमांनाही लागू आहे. ‘चांगला’ हा शेराही बढतीत घातक ठरू शकतो, कारण पुढच्याला ‘उत्कृष्ट’ असतो. हरकत घ्यायला मुदत असते, ती बहुधा दोन-तीन आठवड्यांपलीकडे नसते. ‘जाऊ दे, पुढच्या वर्षी बघू’ म्हटलं की ते वर्ष पुढच्या तीनही सरासऱ्यांत येऊन बसतं.

---

साधा_कॅश_काउंटर

अधिकाऱ्यांचं चाललंय ते ठीक, पण गळती त्याच्याही आधी आहे. क्लार्कमधून स्केल वनला जायलाच बायका अर्ज करत नाहीत. अंतर्गत परीक्षेची जाहिरात आली की शाखेत पहिला प्रश्न ‘पोस्टिंग कुठे देतात?’ अभ्यासक्रमाचा नंबर त्याच्यानंतर. क्लार्कची नोकरी जिल्ह्याच्या आसपास राहते. अधिकारी झालं की राज्यच काय, देश खुला.

पगाराचा हिशोबही घरात मांडला जातो. दहा-बारा वर्षं झालेल्या क्लार्कला स्केल वन झाल्यावर हातात येणारी वाढ, आणि दुसऱ्या गावचं भाडं, येणं-जाणं, मुलांसाठी बाई. पहिली दोन-तीन वर्षं हिशोब तोट्यात जातो. फायदा दिसतो तो स्केल टू-थ्रीनंतर, पेन्शनमध्ये. पण तो तक्ता घरी मांडून कुणी दाखवत नाही. युनियनने हा तक्ता छापून शाखेत लावला तर निम्मं काम होईल.

आणि एक. निवड होऊन बढती नाकारली की पुढची काही वर्षं परीक्षेला बसता येत नाही. त्यामुळे ‘बसून तर बघू’ हे करू नये. मूल दहावीला जाणार ते वर्ष, सासूबाईंचं ऑपरेशन ठरलंय ते वर्ष, सोडून द्यावं. न बसण्याला शिक्षा नाही, नाकारण्याला आहे.

---

पाणकळा

@साधा_कॅश_काउंटर, शेवटचं वाक्य सोन्याचं आहे. चौकटीत घालून लावायला हवं.

---

तिजोरी_नं_२

सवलतीबद्दल थोडं, कारण खतावणींचा मूळ मुद्दा तोच आहे.

वित्त मंत्रालयाच्या वित्तीय सेवा विभागाने ८ ऑगस्ट २०१४ ला सरकारी बँकांना कळवलं, की विवाहित महिला कर्मचाऱ्याला पतीच्या नोकरीच्या ठिकाणी किंवा शक्य तितकं जवळ, आणि अविवाहितेला आईवडिलांच्या ठिकाणी किंवा जवळ नेमणूक द्यावी. नोव्हेंबर २०२४ मध्ये बदल्यांच्या धोरणाबद्दल पुन्हा सूचना आल्या. त्यातही महिलांना जवळच्या ठिकाणी नेमण्याचा भाग आहे. हेतू चांगला, आणि हजारो घरं त्याने तगली. हे पत्र नको असं कुणी म्हणू नये.

पण पत्र बदलीच्या टेबलावर येतं आणि बढतीचं धोरण दुसऱ्या टेबलावर असतं. दोन्ही टेबलं एकाच मजल्यावर असून एकमेकांशी बोलत नाहीत. एक टेबल म्हणतं, ‘मॅडम, तुम्हाला पुण्यातच ठेवलं.’ दुसरं नऊ वर्षांनी म्हणतं, ‘मॅडम पुण्याबाहेर गेल्याच नाहीत.’ हा शेरा लेखी नसतो, मुलाखतीत प्रश्न म्हणून येतो: ‘आप मोबाइल हैं क्या?’, म्हणजे कुठेही बदलीला तयार आहात का?

स्टेट बँकेत भट्टाचार्यांच्या काळात मुलं किंवा वडीलधारी सांभाळायला महिलांना दोन वर्षांपर्यंतच्या दीर्घ रजेची सोय झाली. अशी सोय घेताना तीन गोष्टी परिपत्रकात वाचून घ्याव्या. रजा बिनपगारी, म्हणजे वेतनवाढीची तारीख पुढे सरकते का? हा काळ बढतीच्या पात्रता-सेवेत धरतात का? ज्येष्ठता यादीतला क्रमांक राहतो का? दोन वर्षांची रजा काही ठिकाणी बढतीला तीन-चार वर्षांना पडते, कारण परीक्षा वर्षातून एकदा आणि पात्रतेची तारीख ठरलेली. आठवड्याने हुकली तरी वर्ष जातं.

---

सही_शिक्का

मग उपाय म्हणून ग्रामीणची अट बायकांसाठी काढावी, असं म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही. पीक कर्जाचं नूतनीकरण, बचत गटाची जोडणी, थकीत ट्रॅक्टर, सातबारावरचा बोजा हे न पाहता आरओत बसलेला माणूस, बाई असो की बाप्या, शाखांना वेड्यासारखी उद्दिष्टं वाटतो.

---

तिजोरी_नं_२

अट काढा असं मी म्हणतच नाही. तुकडे करू द्या. तीन वर्षं सलग मागण्याऐवजी दीड-दीड वर्षाचे दोन तुकडे, आणि कधी घ्यायचे ते अधिकाऱ्याने ठरवायचं, स्केल वन ते थ्रीच्या दरम्यान केव्हाही. बरोबरीने एचआरने वर्षातून एकदा प्रत्येकीला, प्रत्येकालाच, एक पान पाठवायचं: तुमचा ग्रामीण रकाना इतका भरला, शाखाप्रमुख इतका, कर्ज इतका, स्केल फोरच्या पात्रतेला हे कमी आहे. सगळी माहिती एचआरच्या सिस्टिममध्ये आहे. एक क्वेरी मारायची, बस.

---

सही_शिक्का

तुकड्यांना हरकत नाही. पण दीड वर्षात शाखाप्रमुख काय करणार? पहिले सहा महिने गाव कळण्यात जातात, शेवटचे सहा बदलीच्या वाटेकडे बघण्यात. एक पूर्ण पीकवर्ष, खरिपाच्या वाटपापासून मार्चच्या वसुलीपर्यंत, तरी हातून गेलं पाहिजे. म्हणजे मार्च ते पुढच्या वर्षीचा जून धरा, सोळा महिने. मग तुमचे दीड वर्ष चालेल. मे-जूनमध्ये रुजू करून त्याच वर्षी नोव्हेंबरात काढणार असाल तर नको.

---

गप्पा_कमी

समित्या विसरलात.

२०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंध कायद्यानुसार अंतर्गत समितीची अध्यक्ष वरिष्ठ स्तरावरची महिलाच हवी, आणि निम्मे सदस्य महिला. हे योग्यच. पण झोनमध्ये स्केल फोरच्या वर बाई एकच असते. मग समितीची अध्यक्षही तीच, शिवाय भरतीच्या मुलाखत मंडळावर महिला सदस्य तीच, ८ मार्चचा कार्यक्रमही तिच्याकडेच. एक तक्रार नीट चौकशीला घेतली तर नव्वद दिवसांची मुदत, साक्षी, अहवाल. कायद्याचं काम, चुकलं तर कोर्टात उभं राहावं लागतं. एपीएआरमध्ये याला किती गुण? बहुतेक फॉर्मात रकानाच नाही. तिचा पुरुष सहकारी त्या वेळात दोन मोठी खाती आणतो.

स्वमूल्यांकनात ‘इतर जबाबदाऱ्या’ असा मोकळा भाग असेल तर तिथे ‘समितीवर आहे’ एवढंच न लिहिता आकडे लिहावेत: इतक्या तक्रारी, इतक्या बैठका, इतके दिवस, सर्व मुदतीत. नावं अर्थातच नाहीत, गोपनीयता आहे.

---

मार्चएंड

हे माहीत नव्हतं. माझा वरचा प्रश्न मागे घेत नाही, पण अर्धा कमी करतो.

पुरुषांच्या बाजूनेही एक नोंद करा. ‘महिला आहे म्हणून जवळ’ हे झालं की लांबची शाखा कुणाच्या तरी वाट्याला जातेच, आणि ज्याच्या वाट्याला जाते तो तिसऱ्यांदा गेलेला असतो. शाखेत तो राग बाईवर निघतो, धोरणावर नाही. लांबच्या शाखेला जास्तीचे गुण किंवा ‘त्यानंतर पसंतीचं ठिकाण’ अशी लेखी हमी असेल तर जायला माणसं तयार होतात. बायकाही होतील.

---

पाणकळा

बदलीचा दुसरा वापरही आहे, तो लिहिलाच पाहिजे. फेब्रुवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयात एका सरकारी बँकेतल्या स्केल फोरच्या महिला अधिकाऱ्याचं प्रकरण निकाली निघालं. तिने इंदूरच्या शाखेतल्या गैरव्यवहारांबद्दल आणि वरिष्ठाकडून झालेल्या छळाबद्दल तक्रारी केल्या होत्या. नंतर तिची बदली जबलपूर जिल्ह्यातल्या अशा शाखेत झाली, जिथे स्केल वनचा अधिकारी पुरतो. न्यायालयाने बदली रद्द धरली, तिला इंदूरला परत नेमायला सांगितलं आणि पन्नास हजार रुपये खर्च देववला.

यातला व्यवहाराचा भाग असा: बदली ही सेवाशर्त आहे, त्यामुळे नुसत्या गैरसोयीवर कोर्ट सहसा हात घालत नाही. पण पदाच्या दर्जापेक्षा खालच्या शाखेत टाकलंय, आणि तक्रारीच्या तारखेनंतर लगेच टाकलंय, या दोन गोष्टी कागदावर दाखवता आल्या तर चित्र बदलतं. म्हणून तक्रार कायम तारखेसह, पोचपावतीसह. व्हॉट्सॲपवर साहेबांना पाठवलेला मेसेज ही तक्रार नाही.

---

खतावणी

सहकारी बँकांचं कुणी लिहील का? तिथे बदलीचा प्रश्न जवळजवळ नाही, तरी सीईओच्या खुर्चीत बाई दिसत नाही.

---

गप्पा_कमी

थोडक्यात लिहितो, तो वेगळ्या धाग्याचा विषय आहे. नागरी सहकारी बँकेत संचालक मंडळावर महिलांसाठी दोन जागा राखीव असतात, ९७ व्या घटनादुरुस्तीनंतर कायद्यातच आलं. त्या जागा भरल्या जातात, बऱ्याचदा पॅनेलप्रमुखाच्या घरातून किंवा भावकीतून. कर्ज समितीवर मात्र त्या दोघींपैकी कुणी असते का ते पाहा. खरी सत्ता तिथे आहे. अहवालातल्या फोटोत असणं आणि कर्ज समितीत असणं यात जमीन-अस्मानाचं अंतर. म्हसवडची माणदेशी महिला सहकारी बँक, १९९७ ची, हा अपवाद आहे, कारण तिथे सभासदच बायका.

---

अर्धवार्षिक

मुलाखतीचं राहिलं. वरच्या स्केलला लेखी परीक्षेचं वजन कमी होत जातं किंवा नसतंच, मुलाखत आणि एपीएआर उरतात. पंधरा-वीस मिनिटं. ‘बाहेर जाल का?’ हा प्रश्न येणार हे धरून चालावं. ‘बँक पाठवेल तिथे जाईन’ हे पाठ केलेलं उत्तर पॅनेल दिवसातून तीस वेळा ऐकतं. त्यापेक्षा ‘दोन वर्षं निमशहरी शाखाप्रमुख होते, तेव्हा एनपीए इतका होता तो इतका केला’ असं केलेल्या कामाचं उत्तर द्यावं. कौटुंबिक अडचणींचा खुलासा कुणी विचारल्याशिवाय करू नये. विचारला तर एका वाक्यात सांगून कामावर यावं.

दुसरं, ‘आम्ही केलं’ ही सवय. बायका टीमला श्रेय देतात, माणूस म्हणून छान आहे. पॅनेलला मात्र मंजुरीवर सही कुणाची होती एवढंच कळून घ्यायचं असतं. सही तुमची असेल तर ‘मी मंजूर केलं’ म्हणा.

---

पाणकळा

एक विचारायचं आहे. एका मैत्रिणीसाठी. स्केल टू, मूल दीड वर्षाचं, सध्या ठाण्यात रिटेल कर्ज कक्षात. ग्रामीण रकाना शून्य. आत्ता मागावं की मूल शाळेत जाईपर्यंत थांबावं?

---

सही_शिक्का

आत्ता. दीड वर्षाच्या मुलाला शाळेचा प्रवेश लागत नाही, सातवीतल्या मुलाला लागतो. थांबण्याने अडचण कमी होत नाही, प्रकार बदलतो. अलिबाग-पेण बाजूच्या निमशहरी शाखा मागायच्या, तीन नावं पसंतीक्रमाने लिहून, आणि अर्जात ‘शाखाप्रमुख म्हणून’ हे दोन शब्द घालायचे. ते विसरले तर सेकंड मॅन म्हणून पाठवतील आणि एकाच रकान्यावर समाधान मानावं लागेल.

---

तिजोरी_नं_२

पाळणाघर त्या गावात आहे का ते आधी बघा. कायद्याने पाळणाघराची सक्ती पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणीच असल्याने शाखेत ते मिळणार नाही. अलिबागला मिळण्याची शक्यता जास्त, पेणला चौकशी करावी लागेल. आणि बदलीच्या विनंती अर्जाची खिडकी वर्षातून थोडेच दिवस उघडी असते, ती एचआर पोर्टलवर आत्ताच बघून ठेवायला सांगा.

---

पाणकळा

सांगते. ‘शाखाप्रमुख म्हणून’ हे तिच्या अर्जाच्या मसुद्यात खरंच नव्हतं.